पीक न देणाऱ्या जमिनीवर स्थानिक वृक्षांची लागवड आणि कार्बन क्रेडिटचा हिशेब

कालव्याच्या पाण्याचा अतिवापर झाला म्हणजे जमीन क्षारपड होते, हा अनुभव नीरा व कृष्णा या नद्यांच्या काठी ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना नवा नाही. परंतु जेथे कालवा नाही आणि जेथे वर्षाकाठी पडणारा पाऊस सोलापूर जिल्ह्यातील पावसाहूनही कमी आहे, अशा निव्वळ कोरडवाहू प्रदेशात लक्षावधी हेक्टर जमीन खारावून गेली, असे सांगितल्यास पुष्कळांस आश्चर्य वाटेल. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातील गव्हाच्या पट्ट्यात नेमके हेच घडले. तेथे जमीन बिघडली ती अधिक पाणी दिल्यामुळे नव्हे, तर मूळची झाडे तोडल्यामुळे.

२००८ पासून याच पट्ट्यातील काही पडीक शेतांवर तेथील मूळच्या वृक्षांची पुन्हा लागवड करण्यात आली आहे. या कामास लागणारा पैसा सरकारी अनुदानातून न येता मुख्यतः कार्बन क्रेडिटच्या विक्रीतून आला. अशाच प्रकारच्या योजनांविषयी आता महाराष्ट्रातील शेतकऱ्यांकडेही विचारणा होऊ लागली आहे. शेतकऱ्याने अशा योजनेत जावे किंवा जाऊ नये, हे ठरविण्यापूर्वी तिची घडण समजून घेणे अगत्याचे आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांना शेतकऱ्यांशी या विषयावर बोलता यावे, या हेतूने पश्चिम ऑस्ट्रेलियाचा अनुभव व त्यातून निघणारा बोध येथे दिला आहे.

जमीन खारावली कशी?

पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या नैर्ऋत्य भागात पाऊस हिवाळ्यात, म्हणजे मे ते ऑक्टोबर या काळात पडतो. उन्हाळा कोरडा जातो. गव्हाच्या पट्ट्याच्या आतील कडेला वर्षाचा पाऊस सुमारे ३०० मिलिमीटर, म्हणजे बारा इंच एवढाच असतो. जमीन अतिशय जुनी, झिजलेली, पुष्कळ ठिकाणी रेताड व स्फुरदाच्या बाबतीत निकस आहे. समुद्रावरून येणारा वारा व पाऊस यांबरोबर अल्प प्रमाणात मीठ येते. हजारो वर्षे असे मीठ येत राहून ते जमिनीच्या खालच्या थरांत साचून राहिले होते.

या मिठाचा त्रास पूर्वी होत नसे. त्याचे कारण असे की, तेथील मूळच्या वृक्षांची व झुडपांची मुळे खोल जातात आणि ती झाडे बारमाही असतात. पडलेल्या पावसाचे बहुतेक सर्व पाणी ती शोषून घेत. त्यामुळे भूजलाची पातळी खोल राही व मीठही तिच्याबरोबर खाली राही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही झाडे तोडून गव्हाची शेती वाढविण्यात आली. नव्या वसाहतकारास जमीन देताना ती ठराविक मुदतीत साफ करावी, अशी अट असे. १९६० नंतरच्या दशकात तर वर्षाला दहा लाख एकर नवी जमीन मोकळी करण्याचे धोरण होते. गहू हे हंगामी पीक आहे. मे-जूनमध्ये पेरावे व नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापावे, असा तेथील क्रम आहे. त्याची मुळे उथळ असतात आणि वर्षातील निम्मे दिवस तर शेतात पीकच नसते. म्हणून पावसाच्या पाण्याचा थोडा भाग दरवर्षी मुळांच्या खाली झिरपू लागला. हा भाग थोडा असला तरी वर्षानुवर्षे साठत गेला. भूजल वर चढले आणि चढताना खालच्या थरातील मीठ विरघळवून घेऊन आले. पाणी जमिनीच्या पृष्ठभागापासून सुमारे दोन मीटरच्या आत आले म्हणजे ते केशाकर्षणाने वर चढते, उन्हाने त्याची वाफ होते व मीठ मागे राहते. सखल भागातील शेतांवर प्रथम गहू विरळ झाला, नंतर तो उगवेनासा झाला आणि शेवटी पांढरा थर दिसू लागला.

हा धोका पूर्वी कोणासच कळला नव्हता, असे म्हणता येणार नाही. डब्ल्यू. ई. वुड या रेल्वे एंजिनिअरने १९२४ साली या विषयावर निबंध प्रसिद्ध केला होता. एंजिनांना पाणी पुरविण्यासाठी बांधलेल्या तलावांभोवतालची झाडे तोडली गेली की काही वर्षांनी तलावाचे पाणी खारट होते, हे रेल्वेच्या लोकांच्या ध्यानात आले होते. वुड याने झाडतोड व क्षार यांचा संबंध स्पष्टपणे मांडला. तरीही त्यानंतर अनेक दशके झाडतोड चालूच राहिली. आज त्या राज्यात क्षारांमुळे बाधित झालेली शेतजमीन दहा लाख हेक्टरांहून अधिक आहे. पिकाचे उत्पन्न डोळ्यांसमोर असते व जमिनीचे नुकसान दोन पिढ्यांनंतर दिसते. अशा वेळी मनुष्य उत्पन्नाकडेच पाहतो, एवढाच याचा अर्थ आहे.

पुन्हा वृक्ष लावण्याचा प्रयत्न

पर्थ शहराच्या उत्तरेस सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर पेरेंजोरी व मोरावा ही लहान गावे आहेत. या भागात यारा यारा नावाची खाऱ्या सरोवरांची मालिका आहे. तिच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या यारा यारा जैवविविधता पट्ट्याच्या कामास २००८ साली प्रारंभ झाला. गव्हाच्या शेतीमुळे तुकडे पडलेली उरलीसुरली राने एकमेकांस जोडावीत व मधल्या पडीक शेतांवर मूळची वनस्पती परत आणावी, असा त्यामागील उद्देश आहे. आतापर्यंत सुमारे चौदा हजार हेक्टर जमिनीवर लागवड झाली असून लावलेल्या झाडाझुडपांची संख्या तीन कोटींच्या आसपास आहे. हे काम गोल्ड स्टँडर्ड या आंतरराष्ट्रीय नियमावलीखाली नोंदलेले आहे.

लागवडीच्या पद्धतीत पुढील गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट जमिनीच्या निवडीची. ज्या शेतांतून गव्हाचे पीक परवडेनासे झाले होते, अशी कमी पावसाची व खालावलेली शेते यासाठी निवडण्यात आली. ज्या जमिनीवर मिठाचा थर आला आहे, तेथे सामान्य वृक्ष जगत नाहीत. अशा सखल जागेच्या कडेने क्षार सहन करणारी झुडपे लावतात आणि मोठे वृक्ष वरच्या अंगाच्या, पाणी मुरणाऱ्या जमिनीवर लावतात.

दुसरी गोष्ट बियाण्याची. एकाच जातीची झाडे न लावता उंच वृक्ष, मध्यम झाडे व झुडपे अशा कित्येक जातींचे मिश्रण करतात. त्यासाठी बी शक्यतो त्याच भागातील जुन्या रानांतून गोळा केलेले असते. यॉर्क गमसारखे निलगिरीवर्गीय वृक्ष, बाभळीच्या वर्गातील अनेक जाती व सुरूच्या कुळातील झाडे यांत असतात.

तिसरी गोष्ट मशागतीची. अनेक वर्षांच्या यंत्रशेतीने जमिनीत घट्ट थर तयार झालेला असतो. तो फोडण्यासाठी समपातळीच्या रेषांवर खोल नांगरट करतात. तण काढून टाकतात व हिवाळी पाऊस सुरू झाल्यावर, जून ते ऑगस्टच्या दरम्यान, रोपे लावतात किंवा बी थेट पेरतात. पहिल्या दोन वर्षांत तण व ससे हे रोपांचे मोठे शत्रू ठरतात. मेलेल्या रोपांच्या जागी पुढील वर्षी नांगे भरावे लागतात.

या लागवडीचे फळ केवळ कर्बाच्या मोजमापात सापडत नाही. मॅलीफाउल नावाचा एक जमिनीवर राहणारा पक्षी या प्रदेशात आढळतो. तो पालापाचोळा व माती यांचा मोठा ढीग रचतो आणि कुजणाऱ्या पाल्याच्या उबेने आपली अंडी उबवितो. जेथे जमिनीवर पाला साचत नाही, तेथे हा पक्षी नांदू शकत नाही. लावलेल्या झाडांचे रान झाले किंवा नाही, हे असे प्राणी ओळखतात.

तथापि या लागवडीने खारावलेली जमीन पुन्हा गव्हाखाली आली, असे समजू नये. भूजलाची पातळी विस्तृत क्षेत्रात खाली आणावयाची तर पाणलोटाचा फार मोठा हिस्सा झाडांखाली आणावा लागतो. थोड्या क्षेत्रावरील लागवडीचा परिणाम जवळपासच्या जमिनीपुरताच दिसून येतो. बिघाड होण्यास जेवढी वर्षे लागली, त्याहून अधिक वर्षे दुरुस्तीस लागतील, हे तेथील जाणत्या शेतकऱ्यांनीही मान्य केले आहे.

कार्बन क्रेडिट म्हणजे काय?

झाड हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू घेते व त्यातील कर्ब आपल्या खोडात, फांद्यांत व मुळांत साठविते. कोळसा व खनिज तेल जाळल्याने हा वायू हवेत वाढतो व हवामान तापते. एखाद्या कारखान्यास किंवा कंपनीस आपण सोडलेल्या वायूची भरपाई करावयाची असेल, तर ती अन्यत्र झाडांनी शोषून घेतलेल्या वायूचा दाखला विकत घेते. एक टन कार्बन डायऑक्साइडचा एक दाखला, यालाच एक कार्बन क्रेडिट म्हणतात.

याचा हिशेब एका उदाहरणाने समजेल. समजा, एका झाडाचे मुळांसह वाळलेले वजन १०० किलो भरते. वाळलेल्या लाकडात कर्बाचे प्रमाण सुमारे ४७ टक्के असते, म्हणून त्या झाडात ४७ किलो कर्ब आहे. कर्बाच्या १२ भागांपासून कार्बन डायऑक्साइडचे ४४ भाग होतात. म्हणून ४७ ला ४४ ने गुणून १२ ने भागावे. उत्तर सुमारे १७२ किलो येते. अर्थात अशी सहा झाडे मिळून एक क्रेडिट होते.

आता हाच हिशेब एका एकराचा करून पाहावा. समजा, एकरात १५० झाडे जगली व बारा वर्षांत प्रत्येकाचे वाळलेले वजन सरासरी १०० किलो झाले. एकूण शोषलेला वायू सुमारे २५.८ टन होईल. आग, दुष्काळ इत्यादी आपत्तींसाठी नियमानुसार काही क्रेडिटे राखून ठेवावी लागतात. हा भाग २० टक्के धरल्यास विकण्याजोगी २० क्रेडिटे उरतात. एका क्रेडिटास ८०० रुपये मिळाले असे धरले, तर बारा वर्षांत १६,००० रुपये होतात. मोजणी, तपासणी व नोंदणी यांचा खर्च आणि मध्यस्थ संस्थेचा वाटा यांत निम्मी रक्कम गेली, असे समजल्यास शेतकऱ्याच्या हाती ८,००० रुपये, म्हणजे एकरी वर्षाला सुमारे ६६७ रुपये पडतात.

या उदाहरणातील झाडांची वाढ, भाव व खर्च हे आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष आकडे जमीन, पाऊस, झाडांच्या जाती व करार यांनुसार बदलतील. परंतु रीत तीच राहते आणि तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या जमिनीत ज्वारी, तूर किंवा कापूस यांचे बरे पीक येते, ती जमीन केवळ कार्बन क्रेडिटच्या आशेने झाडांखाली घालणे शेतकऱ्यास परवडणारे नाही. जी जमीन पेरणीचा खर्चही भरून देत नाही, तिच्या बाबतीत मात्र हा विचार करण्याजोगा आहे.

उत्पन्न पंचवीस वर्षांचे, बंधन शंभर वर्षांचे

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग मुदतीचा आहे. ऑस्ट्रेलियात २०११ साली कार्बन क्रेडिटसंबंधी कायदा झाला. त्यानुसार शेतकऱ्यास अशा लागवडीबद्दल सरकारी नियामकाकडून क्रेडिटे मिळू शकतात. स्थानिक वृक्षांच्या लागवडीस सर्वसाधारणपणे २५ वर्षे क्रेडिटे मिळतात. परंतु साठविलेला कर्ब जमिनीवर टिकवून ठेवण्याचे बंधन २५ वर्षांचे घ्यावयाचे की १०० वर्षांचे, हे आरंभीच ठरवावे लागते. २५ वर्षांचे बंधन निवडणाऱ्याच्या क्रेडिटांतून २० टक्के वजा केले जातात. याखेरीज ५ टक्के क्रेडिटे आपत्तीसाठी सर्वांकडूनच राखून घेतली जातात.

समजा, पंचेचाळीस वर्षांच्या एका शेतकऱ्याने शंभर वर्षांचे बंधन स्वीकारले. तो सत्तर वर्षांचा होईपर्यंत त्याला उत्पन्न मिळेल. पुढील पंच्याहत्तर वर्षे उत्पन्न बंद, परंतु झाडे सांभाळण्याची जबाबदारी चालू राहील. ती प्रथम त्याच्या मुलावर, नंतर नातवावर व पणतूवर येईल. जमीन विकली तरी हे बंधन जमिनीबरोबर नव्या मालकाकडे जाते. झाडे जाणूनबुजून तोडल्यास घेतलेली क्रेडिटे परत करावी लागतात. वणव्याने झाडे जळाली तर तेवढ्याने दंड होत नाही. मात्र घटना कळवावी लागते, रान पुन्हा वाढू द्यावे लागते आणि ते पूर्वस्थितीस येईपर्यंत नवी क्रेडिटे रोखली जाऊ शकतात.

ही अट जाचक वाटली तरी ती निरर्थक नाही. ज्याने क्रेडिट विकत घेतले, त्याचा धूर हवेत गेलेलाच असतो व तो शतकानुशतके तेथे राहतो. झाड वीस वर्षांनी तोडून जाळले, तर भरपाई नाहीशी होते आणि धूर तेवढा उरतो. म्हणून कार्बन क्रेडिट ही लाकडाची विक्री नव्हे. ते पुढील पिढ्यांच्या वतीने दिलेले वचन आहे. शेतकऱ्याने सही करताना आपण माल विकत नसून वचन देत आहो, हे ध्यानात ठेवावे.

दिसून आलेल्या उणिवा

ऑस्ट्रेलियातील व्यवस्थेवर टीकाही झाली आहे. २०२२ साली अँड्र्यू मॅकिंटॉश या कायद्याच्या प्राध्यापकाने, जो पूर्वी या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या समितीचा प्रमुख होता, असा आरोप केला की काही पद्धतींत वायू प्रत्यक्ष शोषला न जाताच क्रेडिटे दिली जात आहेत. त्याचा मुख्य रोख रान आपोआप वाढू देण्याच्या व झाडतोड टाळल्याचे दाखविण्याच्या पद्धतींवर होता. जे रान पावसामुळे तसेही वाढले असते, त्याबद्दल पैसे कशासाठी, असा प्रश्न होता. सरकारने प्राध्यापक इयान चब यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात व्यवस्थेचा पाया ठीक असल्याचे म्हटले, परंतु काही सुधारणा सुचविल्या व झाडतोड टाळण्याच्या पद्धतीखाली नवे प्रकल्प घेऊ नयेत, अशी शिफारस केली.

उघड्या शेतावर लावलेल्या झाडांच्या बाबतीत हा संशय कमी राहतो. पूर्वी तेथे शेत होते व आता झाडांच्या ओळी आहेत, हे कोणासही पाहता व मोजता येते.

दुसरी उणीव समाजजीवनाशी संबंधित आहे. संपूर्ण शेते विकत घेऊन झाडांखाली घातली गेली, तर तेथील कुटुंबे गाव सोडून जातात आणि लहान गावांतील शाळा, दुकाने व खेळाचे संघ ओस पडतात, अशी काळजी गव्हाच्या पट्ट्यातील लोकांनी वेळोवेळी बोलून दाखविली आहे. तिसरी गोष्ट हवामानाची. १९७० नंतर त्या प्रदेशातील हिवाळी पाऊस स्पष्टपणे घटला आहे. आज कागदावर मांडलेली झाडांची वाढ उद्याच्या पावसावर अवलंबून आहे.

महाराष्ट्रासाठी बोध

पश्चिम ऑस्ट्रेलियात एका कुटुंबाकडे हजारो हेक्टर जमीन असते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन आहे. एवढ्या लहान क्षेत्राची स्वतंत्र नोंदणी व मोजणी परवडत नाही. म्हणून येथे शेकडो शेतकऱ्यांना एकत्र करणारी संस्था मध्ये येते. शेतीतील स्वेच्छा कार्बन बाजाराविषयी केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक आराखडा प्रसिद्ध केला आहे. तो कार्यकर्त्यांनी पाहून ठेवावा.

स्थानिक झाड कोणते? ऑस्ट्रेलियात निलगिरी ही देशी आहे. महाराष्ट्रात ती परकी आहे. कोकणात पसरलेली ऑस्ट्रेलियन बाभूळही तेथूनच आलेली आहे. गिरिपुष्प व वेडी बाभूळ यांचे मूळ अमेरिका खंडांत आहे. म्हणून तेथील झाडांची नक्कल न करता तेथील रीत घ्यावी, म्हणजे आपल्याच परिसरातील जुन्या रानाकडे, देवराईकडे व ओढ्याकाठाकडे पाहून झाडे निवडावीत. कमी पावसाच्या हलक्या जमिनीत हिवर, खैर, धावडा, अंजन, आपटा, बोर व कडुनिंब. नाल्याकाठी करंज, अर्जुन, जांभूळ व उंबर. कोकणात ऐन, किंजळ व खैर, अशी मिश्र लागवड विचारात घेता येईल. थोड्याफार चोपण जमिनीत बाभूळ, करंज व अर्जुन तग धरतात. मात्र कालव्याखालील क्षारपड जमिनीचा मुख्य उपाय निचऱ्याचे चर व पाण्याचा बेताने वापर हाच आहे. केवळ झाडे लावून ती सुधारत नाही.

माळरान हे पडीक शेत नव्हे. सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील गवताळ माळ निसर्गतःच विरळ झाडांचे आहेत. मारवेल, डोंगरी इत्यादी गवतांवर मेंढ्या-गुरे चरतात. काळवीट व लांडगा तेथे राहतात. अशा माळावर खड्डे घेऊन दाट झाडे लावणे म्हणजे वस्ती असलेले घर मोडून नवे घर बांधण्यासारखे आहे. नैसर्गिक परिसंस्था मोडून तेथे नुकतीच लागवड केलेल्या जमिनीस स्वेच्छा बाजारातील प्रमुख नियमावल्या क्रेडिटही देत नाहीत. गायरानाचा निर्णय तर ग्रामसभेत, चराई करणाऱ्यांना विचारूनच व्हावा.

वृक्षतोडीचा कायदा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे मोह, खैर, अंजन, ऐन इत्यादी झाडे स्वतःच्या शेतातही परवानगीवाचून तोडता येत नाहीत. झाडे निवडतानाच हे शेतकऱ्यास समजावून सांगावे.

सही करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. क्रेडिटांची मालकी कोणाची राहील, शेतकऱ्याची की संस्थेची?

२. उत्पन्न किती वर्षे मिळेल आणि बंधन किती वर्षे राहील? दोन्ही आकडे करारात स्वतंत्रपणे लिहिले आहेत काय?

३. शेतकऱ्यास ठराविक रक्कम मिळणार की विक्रीतील वाटा? वाटा असल्यास कोणता खर्च आधी वजा होणार?

४. रोपे मेल्यास नांगे कोणी भरावयाचे? वणवा, दुष्काळ किंवा कीड यांचे नुकसान कोणी सोसावयाचे?

५. फळे, पाला, गवत, मध व वाळलेले लाकूड घेण्याचा हक्क शेतकऱ्याकडे राहतो काय?

६. जमीन विकली, वाटणी झाली किंवा खातेदार मरण पावला, तर कराराचे काय होईल? सात-बारावर कोणती नोंद केली जाणार आहे? सर्व सहखातेदारांची संमती आहे काय?

७. प्रकल्प कोणत्या नियमावलीखाली व कोणत्या क्रमांकाने नोंदला आहे? हा क्रमांक सार्वजनिक नोंदवहीत सापडतो काय?

८. करार मराठीत आहे काय, त्याची प्रत शेतकऱ्याजवळ राहते काय आणि तंटा झाल्यास तो कोठे सोडविला जाईल?

या आठांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर लेखी मिळत नसेल, तर सही पुढे ढकलणे हेच शहाणपणाचे ठरेल. झाडे पावसाळ्यात लावावयाची असली तरी करार घाईने करण्याचे कारण नाही; पुढील वर्षीही पावसाळा येतोच.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्याने प्रथम गावातील पीक न देणाऱ्या जमिनींची शेतकऱ्यांसह पाहणी करावी. ज्या तुकड्यावर गेल्या पाच-सात वर्षांत पेरणीचा खर्चही निघालेला नाही, त्याची नोंद गटक्रमांकानुसार करावी. जमीन नापीक होण्याचे कारण शोधावे. धूप, पाणथळपणा, क्षार, उथळ माती यांपैकी कारण कोणते, यावर उपाय अवलंबून असतो. त्यानंतर जुन्या जाणत्या माणसांना विचारून त्या ठिकाणी पूर्वी कोणती झाडे होती, याची यादी करावी. बी गोळा करण्याचे व रोपे वाढविण्याचे काम गावातील महिला बचतगटांकडे देता आल्यास लागवडीच्या खर्चातील काही भाग गावातच राहील. शेवटी, वर दिलेल्या रीतीने एकरी हिशेब शेतकऱ्यासमोर बसून, त्याच्याच वहीत मांडावा. योजना आणणाऱ्याने दाखविलेले आकडे व आपले आकडे शेजारी शेजारी लिहावेत.

सारांश

पश्चिम ऑस्ट्रेलियातील शेतकऱ्यांनी झाडे तोडली ती सरकारच्याच सांगण्यावरून, आणि त्या काळी ती प्रगती मानली गेली. तिची किंमत नातवंडांना मोजावी लागली. आज झाडे लावणे ही प्रगती मानली जात आहे आणि ती योग्यच आहे. परंतु या वेळीही करार आजोबा करणार व तो पाळावयाचा नातवंडांनी आहे, हे विसरता कामा नये. पिकाऊ जमीन पिकास ठेवावी, गवताची जमीन गवतास ठेवावी आणि जी जमीन दोन्हींस अपात्र झाली असेल, ती तिच्या मूळच्या झाडांना परत द्यावी. त्यातून कार्बन क्रेडिटचा पैसा मिळाल्यास लागवडीच्या खर्चास हातभार लागेल. मात्र तो मिळाला नाही तरी पश्चात्ताप होऊ नये, एवढ्याच क्षेत्रावर अशी लागवड करावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. पश्चिम ऑस्ट्रेलियातील व कृष्णाकाठची जमीन खारावण्याच्या कारणांत साम्य कोणते व फरक कोणता?

२. एका झाडाचे मुळांसह वाळलेले वजन २५० किलो असल्यास त्यात किती कार्बन डायऑक्साइड साठलेला आहे? अशी किती झाडे मिळून एक क्रेडिट होईल?

३. आपल्या गावात पडीक शेत व नैसर्गिक गवताळ माळ कोणकोणते आहेत? ते वेगळे कसे ओळखावे?

४. उत्पन्नाची मुदत व बंधनाची मुदत सारखी नसल्यास कुटुंबात कोणाकोणाचा विचार घेतला पाहिजे?